नऊ दिवसांचं लोखंड

इलाही मिस्त्रींनी फुटलेल्या हबचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. एरवी प्रयोगशाळेच्या दारातूनच हाक मारणारा माणूस त्या दिवशी आत आला होता.

"कुठं पडला?" मी विचारलं.

"ट्रॉलीवरनं. कमरेएवढ्या उंचीवरनं पडला आणि दोन झाले." त्यांनी एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "मॅडम, आपला हब असा फुटत न्हाई. घण घातला तर वाकंल, पण फुटायचा न्हाई."

हब म्हणजे गाडीचं चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी भाग. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत भट्टीत लोखंड वितळवून आम्ही तो ओतायचो आणि पुण्यापलीकडच्या एका मोटार कंपनीला पाठवायचो. ही गोष्ट २००३ सालची. मी सरोजिनी हुक्केरी, वय सव्वीस, फाउंड्रीची मेटलर्जिस्ट, म्हणजे लोखंडाचा दर्जा सांभाळणारी. सगळे मला सरोज मॅडम म्हणायचे. इलाही नाईकवडी भट्टीचे मिस्त्री होते, तीस वर्षं वितळलेल्या लोखंडाच्या रसाशी खेळलेले. मालक रंगराव शिंत्रे, सगळ्यांचे अण्णा.

मी तुकडा कापला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या लोखंडात काजळाचे गोल गोल ठिपके दिसतात, मिरीचे दाणे विखुरल्यासारखे. रसात मॅग्नेशियमचे खडे टाकतात ते त्याचसाठी. ठिपके गोल असले की लोखंड चिवट होतं. मला दिसल्या त्या बारीक, वाकड्या, काळ्या चिरा. लोखंडाच्या पोटात हजारो चिरा.

"बघू," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि मागं सरले. "बिडाचं झालंय की हे. चुलीवरच्या तव्याचं."

"भट्टीला नवीन भंगार कधीपासून लावलं?"

"गेल्या सोमवारपास्नं. नऊ दिवस झाले."

मी हिशोब जुळवला. एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं होतं, दर पाच टक्के कमी करा, आणि दर वर्षी पाच टक्के. त्यानंतर आमच्याकडे मॅग्नेशियम थोडं कमी झालं. भट्टीतला रस ज्या बादल्यांतून साच्यांत ओततो, त्यातल्या प्रत्येक बादलीचा नमुना तपासायचो, तिथं पाच बादल्यांमागे एक तपासू लागलो. पाच महिने सगळं व्यवस्थित चाललं. मग नऊ दिवसांपूर्वी स्वस्तातलं भंगार आलं. त्यात गंधक जास्त होतं आणि गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकतं. बादलीतला पहिला रस चांगला उतरत असणार. शेवटचे दोन-तीन साचे भरेपर्यंत मॅग्नेशियम संपत असणार. आम्ही नमुना घ्यायचो तो सुरुवातीच्या रसाचा.

"नऊ दिवसांचा माल किती गेला?"

"एकोणीसशे ऐंशी," मिस्त्री म्हणाले. त्यांनीही मनात मोजलं होतं.

त्या कंपनीची नवी गाडी दसऱ्याला बाजारात येणार होती. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती होत्या. दसरा तीन दिवसांवर होता.

अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. हातातला तुकडा फक्त उलटसुलट करत राहिले.

"सगळे असले हायत?"

"नाही. शंभरात दोन-तीन असतील. पण कुठले, ते बाहेरून दिसत नाही."

"आणि बसवले तर?"

"रोज चालतील. एखाद्या दिवशी खड्ड्यात चाक आदळलं की फुटेल. चाक निखळेल. कुणाचं, कधी, सांगता येत नाही."

अण्णांनी कंपनीच्या खरेदी खात्याच्या टिपणीसांना फोन लावला. एप्रिलचं पत्र टिपणीसांच्याच सहीचं होतं. अण्णांनी सांगितलं, मग बराच वेळ नुसतं "हां… हां साहेब" चाललं. रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ती मला बघवेना.

"त्यांनी सांगितलं, आत्ता काही कागदावर आणू नका. दसरा होऊ द्या. पुढच्या मालापास्नं सुधारा. वापरात काही तक्रार आली तर ते बघतील."

"वापरात म्हणजे रस्त्यावर, अण्णा."

"मला कळतंय ते!" ते ओरडले. मग आवाज खाली आणला. "मॅडम, नव्वद माणसं हायत इथं. ही ऑर्डर गेली तर भट्टी थंड. आणि हे बाहेर आलं तर पहिलं बोट कुणाकडं जाईल, ठाऊक हाय ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मी जाते. आत्ता निघाले तर संध्याकाळपर्यंत पोचेन. त्यांच्या कारखान्याचे प्रमुख बेहेरे आहेत, त्यांना सांगते."

"माझ्या परवानगीशिवाय?"

मी त्यांच्यासमोरचा तुकडा उचलला. दारात मिस्त्री उभे होते.

"मी बी जातो संगट," ते म्हणाले. "ओतलंय मी ते."

अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही निघालो तेव्हाही त्यांनी मागं पाहिलं नाही.

कोल्हापूर स्टँडवरून आम्ही पुण्याची एसटी धरली. दोन्ही तुकडे मिस्त्रींच्या जेवणाच्या पिशवीत होते. कराडला त्यांनी भाकरी सोडली, मला अर्धी दिली.

"नोकरी जाईल म्हणून भ्या वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"त्याचं नाही वाटत एवढं."

"मग कशाचं?"

मी अर्धी भाकरी त्यांच्या पिशवीत परत ठेवली.

कंपनीच्या फाटकावर पोचायला पाच वाजत आले. आमचं नाव आत गेलं आणि टिपणीस स्वतः बाहेर आले. चाळिशीचे, नीटनेटके, कपाळावर घाम.

"शिंत्र्यांशी माझं बोलणं झालंय," ते म्हणाले. "तुम्ही नमुना ठेवून जा. मी बघतो."

"मला बेहेरे साहेबांना भेटायचंय."

"मॅडम, परवा खंडेनवमीची पूजा, तेरवा गाडीचं उद्घाटन. साहेबांना वेळ नाही."

"मग मी इथं बसते. ते घरी जाताना याच फाटकातून जातील ना?"

आणि मी खरंच बसले. सुरक्षारक्षकाच्या केबिनला लागून असलेल्या कट्ट्यावर. मिस्त्री शेजारी बसले. पाळी सुटत होती. शेकडो कामगार आमच्याकडे बघत जात होते. टिपणीस पाच मिनिटं उभे राहिले, मग त्यांनाच ते अवघड झालं असावं. "चला," एवढंच म्हणाले.

बेहेरे उंच, पांढऱ्या केसांचे, थोडक्यात बोलणारे गृहस्थ. मी तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"टिपणीस, तुम्हाला माहीत होतं?"

टिपणीसांना नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "सकाळी फोन आला होता."

बेहेरे क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "मॅग्नेशियम कमी करायचं, तपासणी कमी करायची, ही अक्कल कुणाची? मालकांची?"

इथपर्यंत येताना साडेपाच तास मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"माझी," मी म्हणाले.

मिस्त्रींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये ते पत्र आलं तेव्हा अण्णा हवालदिल झाले होते. मी तीन दिवस बसून सगळं गणित मांडलं. मॅग्नेशियम इतकं कमी केलं तरी चालतं, नमुने इतके कमी घेतले तरी धोका नाही, असं पुस्तकातल्या आकड्यांवरून दाखवून दिलं. पाच टक्के बरोबर निघाले. अण्णांनी पेढे वाटले होते. मी वर्गात पहिली आल्यासारखी घरी गेले होते. गणितात चूक नव्हती. फक्त भंगार बदललं, भट्टीला उशीर झाला, एखादा माणूस दमला, तर सावरायला जी थोडी जागा लागते, ती सगळी मी काढून टाकली होती. आणि स्वस्त भंगार आलं त्या दिवशी नको म्हणायचं मला सुचलंही नव्हतं.

हे सगळं मी बेहेरेंना सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "अण्णांनी मला विचारलं होतं, चालेल का. मी चालेल म्हणाले."

"तीनदा विचारलं हुतं मी."

दारात अण्णा उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात फाईल. आमच्या मागोमाग त्यांनी स्वतः गाडी हाणली होती.

"बेहेरे साहेब, तीनदा विचारलं तिला, आणि तीनदा ती हो म्हणाली. पण जे तीनदा विचारावं लागतंय ते चालत नसतंय, हे मला कळाय पाहिजे हुतं. पोरगीला चार वर्षं झाल्यात या धंद्यात, मला तीस. सही माझी हाय." त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. "आणि हे तुमचं पत्र. ह्याच्यात दर लिहिलाय. हब कसा असावा त्याबद्दल एक ओळ न्हाई."

मग टिपणीस हळूच म्हणाले, "मलाही वरून आकडाच येतो, साहेब. पाच टक्के. कशातून, ते कुणी विचारत नाही."

बेहेरे उठले, भिंतीवरच्या फोनपाशी गेले आणि म्हणाले, "बेहेरे बोलतोय. लाईन थांबवा."

गाड्या जुळवणारी लाईन थांबणं म्हणजे काय, हे तोवर मी फक्त ऐकलं होतं. काचेपलीकडचा तो अखंड खडखडाट थांबला. आत काम करणारी माणसं मान वर करून आमच्या खिडकीकडे बघू लागली.

हबांचा हिशोब लगेच लागला. एकही गाडी अजून बाहेर गेली नव्हती. तीनशे दहा गाड्यांवर, दर गाडीला दोन असे, सहाशे वीस हब चढले होते, बाकीचे पेट्यांत होते. प्रत्येकावर ओतल्याची तारीख उठवलेली असल्यानं नऊ दिवसांचे वेगळे काढता येत होते. पण त्यातला वाईट कुठला? कंपनीच्या प्रयोगशाळेत ध्वनिलहरींनी आतली चीर शोधणारं यंत्र होतं. एका हबला दहा मिनिटं. एकोणीसशे ऐंशींना दोन आठवडे.

"मग दसरा विसरा," टिपणीस म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता.

"मला एक पेटी द्या," इलाही मिस्त्री म्हणाले. "आणि एक हातोडी. लहान."

बेहेरेंनी विचारलं, "कशाला?"

"वाजवतो. चांगलं लोखंड गातंय, साहेब. ज्याच्या पोटात चीर हाय ते ठोक्यासरशी मरतंय."

पुस्तकात हे मी वाचलं होतं. ठिपके गोल असले की नाद लांबतो, चिरा असल्या की लगेच विझतो. पण पुस्तकातलं वाक्य आणि हातोडी यांत किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं होतं. बेहेरेंच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. तरी त्यांनी साठ हबची पेटी आणवली. एकेक हब दोरीनं आकड्याला टांगला. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. टण्ण… म् म् म्. टण्ण… म् म् म्. पंचविसाव्याला टप्. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. एकोणपन्नासावा पुन्हा टप्. साठांत दोन.

"हे सगळे साठ यंत्राखाली घाला," बेहेरे प्रयोगशाळेच्या लोकांना म्हणाले. "सकाळी सांगा."

सकाळी आठ वाजता निकाल आला. ते दोन खराब. अठ्ठावन्न ठणठणीत.

बेहेरेंनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि मिस्त्रींना म्हणाले, "तुम्हाला काय काय लागेल ते सांगा."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "शांतता," ते म्हणाले. "बाकी काही नको. शांतता."

पुढचे दोन दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. पाचशे माणसांचा तो कारखाना, आणि आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पंखे बंद. हवेच्या नळ्या बंद. माणसं बुटांना फडकी गुंडाळून चालत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. एका बाजूला तीनशे दहा गाड्यांची चाकं उतरवायचं काम, ते बाहेर, पत्र्याच्या मांडवाखाली. हब सोडवून आत यायचे, टांगले जायचे. टण्ण… म् म् म्.

एकटे मिस्त्री किती ऐकणार? दुपारनंतर त्यांनी मला शेजारी उभं केलं.

"मॅडम, आता तुम्ही."

"मला नाही जमणार. चुकले तर?"

"चुकला तर वाईटाच्या बाजूला चुका. शंका आली की बाजूला. चालेल म्हणू नका."

त्यांनी ते सहज म्हटलं की मुद्दाम, मला कधीच कळलं नाही. मी डोळे मिटले. पहिले वीस हब मला सगळे सारखेच वाटले. मग एकाचा नाद मध्येच तुटला, आणि ते मला कानाआधी पोटात कळलं. डोळे उघडले तर मिस्त्री मान डोलवत होते. संध्याकाळपर्यंत लाईनवरचे चौघे ऐकायला शिकले. त्यातली एक, डॅशबोर्ड बसवणारी फिलोमिना नावाची बाई, मिस्त्रींपेक्षाही तिखट कानांची निघाली. चर्चमध्ये गाते म्हणाली.

आणि टिपणीस? दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाह्या दुमडून आले, एक स्टूल ओढलं आणि प्रत्येक हबचा नंबर लिहायला बसले. कुणी बोलावलं नव्हतं. अण्णा मांडवात चाकं उतरवणाऱ्यांना हात देत होते. जेवणाच्या सुटीत दोघं एकाच पिंपातलं पाणी प्यायले. टिपणीस म्हणाले, "शिंत्रे, मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं." अण्णा म्हणाले, "आणि मी गप्प बसणार हुतो." तेवढंच. मग दोघं आपापल्या कामाला लागले.

खंडेनवमीच्या दुपारी, दोन वाजायला आले असताना, शेवटच्या गाडीचा शेवटचा हब आकड्याला लागला. तोवर एकोणीसशे एकोणऐंशी झाले होते. त्रेपन्न बाजूला काढले होते. आख्खा कारखाना गोळा झाला होता, मागची माणसं बाकांवर चढून बघत होती. मिस्त्रींनी हातोडी फिलोमिनाच्या हाती दिली. तिनं ठोका दिला.

टण्ण.

तो नाद लांबत गेला. लांबत गेला. विझला तरी माणसं ऐकत राहिली.

"पास," मिस्त्री म्हणाले.

बेहेरेंनी माझ्यासमोर हात पुढं केला. मी तो हातात घेतला आणि तेव्हा कुठं, दोन दिवसांत पहिल्यांदा, मला रडू आलं. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एप्रिलात पेढे वाटले त्याला अर्थ नव्हता," ते म्हणाले. "आज वाटायला पाहिजेत."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. काढलेल्या त्रेपन्न हबांपैकी सत्तेचाळीस खरोखर खराब निघाले. सहा उगाच गेले. ठेवलेले सगळे कंपनीनं पुढच्या काही आठवड्यांत यंत्राखाली घातले, गाड्यांवरचे जागच्या जागी. त्यात एकही वाईट सापडला नाही. आम्हाला शिक्षा झाली. सहा महिने आमची एक तृतीयांश ऑर्डर दुसऱ्याकडे गेली, आणि ते योग्यच होतं. पण चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या कुठल्याही भागाला दरवर्षीची कपात लावायची नाही, असा नियम त्या कंपनीत त्याच हिवाळ्यात झाला. त्याचा मसुदा टिपणीसांनी लिहिला. प्रत्येक बादलीचा नमुना, तोही शेवटच्या रसाचा, हा नियम आमच्याकडे मी लावला. वर्षभरानं गेलेली ऑर्डर परत आली, आणि तिच्यासोबत आणखी एक भाग. नव्वदाची एकशे चाळीस माणसं झाली. एकाही गाडीचं चाक आमच्या हबमुळे निखळलं नाही. आज वीस वर्षांनंतर मी हे छातीठोकपणे सांगू शकते, आणि माझ्या साऱ्या नोकरीत याहून मोठं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलं.

खंडेनवमीची पूजा उरकली. लाईनला झेंडूचं तोरण लागलं. हार घातलेली पहिली गाडी लाईनच्या तोंडाशी उभी होती. दर वर्षी पूजेनंतर लाईन बेहेरे सुरू करायचे. ते खांबावरच्या हिरव्या बटणापाशी गेले, थांबले, आणि गर्दीत मागं उभ्या असलेल्या मिस्त्रींना त्यांनी हात केला.

"इलाहीभाई, या. आज तुम्ही."

मिस्त्री संकोचले. त्यांच्या शर्टाला अजून शिरोलीच्या भट्टीची काजळी होती. फिलोमिनानं त्यांना पुढं ढकललं, लोकांनी वाट करून दिली. त्यांनी हात पँटला पुसला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

पट्टा हलला. साखळ्या वाजल्या, हवेच्या नळ्या फुसफुसल्या, सगळे पंखे एकदम फिरू लागले. तरीही माणसं गप्पच उभी होती. दोन दिवसांची सवय. मिस्त्री मान कलती करून त्या खडखडाटाकडे कान देऊन उभे राहिले, नेहमी भट्टीजवळ उभे राहायचे तसे. मग आमच्याकडे वळले आणि तोंडभर हसले.

"आता बोला की मोठ्यानं!" ते म्हणाले.

आणि पाचशे माणसं एकदम ओरडली.